प्रतिसाद: आंब्याची एकच फांदी वाळतेय ती उधई (वाळवी) नसावी
मांजलपूरच्या ताईंच्या परसातल्या आंब्याची एकच मोठी फांदी वाळतेय, डिंक येतोय, आणि वरच्या प्रतिसादांत सगळ्यांनी मिळून उधई ठरवून टाकलीय. मला नाही पटत. उधई असली की सालीवर मातीचे लेप आणि बोगदे दिसतात. खरवडून पाहिलं तर खाली बहुधा मेलेली सालच खाल्लेली असते.

ताई, खोड आणि फांद्यांची बेचकी नीट बघा. भोक आणि त्याखाली लाकडाचा भुसा दिसला तर भिरूड (खोड पोखरणारी कीड) समजा. त्याची पिवळसर पांढरी, बोटाएवढी जाड अळी आतून पोखरत जाते, त्यामुळे वरून कितीही फवारलं तरी तिच्यापर्यंत काही पोचत नाही. तारेच्या हुकाने तिला ओढून काढा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात सारा (विडीवाल्या माळ्याला लांब ठेवून!) आणि वरून चिखलाने लिंपा.

भुसा नसेल आणि फांदी शेंड्याकडून मागे वाळत आली असेल, तर बुरशीचा संशय घ्या. तशी फांदी उभी चिरली की आत तपकिरी रेघा दिसतात. जिवंत भागात तीन-चार इंच शिरून कापा आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावा: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. प्लास्टिकच्या बादलीत करा, लोखंडी नको.

पानांवरचा काळा थर बोटाने पुसला जात असेल तर ती तुडतुड्यांच्या (रस शोषणारे किडे) चिकट स्रावावर वाढलेली काळी बुरशी. फांदी तिने वाळत नाही.

भोक सापडलं तर जवळून फोटो टाका.