परिषदेच्या वार्तापत्रात बातमीला जागा कशी राखावी?

भूलतज्ज्ञ, सोलापूर (प्रश्न)
आमच्या वैद्यकीय संघटनेची वार्षिक परिषद तीन दिवस चालते आणि रोज सकाळी नोंदणी कक्षापाशी आठ पानी वार्तापत्र ठेवले जाते. यंदा दुसऱ्या दिवशीचा अंक मी पट्टी घेऊन मोजला. सव्वापाच पाने जाहिराती, एक पान प्रायोजकांचे आभार आणि उरलेल्या पावणेदोन पानांत मान्यवरांच्या छायाचित्रांसह सगळ्या बातम्या. श्वासमार्गाच्या कार्यशाळेचे दालन बदलल्याची सूचना सहाव्या पानाच्या तळाशी, व्हेंटिलेटरच्या जाहिरातीखाली, दोन बोटे जागेत होती. तीसेक निवासी डॉक्टर तळमजल्यावरच्या बंद दारापाशी ताटकळले. पुढच्या वर्षीचे संपादन माझ्याकडे आले आहे. जाहिरातींवर मर्यादा घालावी तर ती कशी?

जुना उपसंपादक
टक्केवारीआधी अंक कोणत्या क्रमाने लागतो ते पाहा. वृत्तपत्रात जाहिरातींचे चौकोन आखलेली डमी आधी येते आणि उरलेली जागा उपसंपादक भरतो. मोठ्या दैनिकात हे निभावते, कारण जाहिराती वाढल्या की पानेही वाढवता येतात. तुमची पाने मात्र आठच ठरलेली. ताव दुमडून चार पाने होत असल्याने वाढवायचे तर थेट बारावर जावे लागते आणि तो खर्च टाळण्यासाठी कात्री बातमीला लागते. म्हणून दरपत्रक निघण्यापूर्वीच पहिले आणि तिसरे पान विक्रीबाहेर ठेवा. पैसे घेतलेला चौकोन रात्री अकराला कोणी हलवू देत नाही.

माजी कोषाध्यक्ष
हा अंक प्रतिनिधींना फुकट मिळतो, हे विसरू नये. जाहिरात तोडली की खर्च नोंदणी शुल्कावर चढतो. किंमत, पाने आणि जाहिरातींची जागा यांवर निर्बंध घालणारा 1960 चा सरकारी आदेश पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हाही जाहिरातींची जागा घटली की उत्पन्न घटून किंमत वाढवण्याची वेळ येते, हा मुद्दा न्यायालयाने मान्य केला होता.

ग्रंथपाल
दाखला योग्य असला तरी येथे लागू पडत नाही. तो निकाल सरकारने लादलेल्या बंधनाविषयी होता. संपादकाने स्वतःच्या अंकाला घातलेली शिस्त त्यात येत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींनुसार नियतकालिकावर जाहिरातींचे वर्चस्व नसावे आणि जाहिरात स्वीकारण्याचा अंतिम अधिकार संपादकाचा असावा. एखाद्या औषधावरील व्याख्यानाचे वृत्त आणि त्याच औषधाची जाहिरात शेजारी येणार नाही, हेही पाहावे. माझ्या मते टक्केवारीपेक्षा ही गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण घाईत वाचणाऱ्याला दोन्ही मजकूर एकच वाटतात.

भूलतज्ज्ञ, सोलापूर
सर्वांचे आभार. पहिले व तिसरे पान राखून ठेवण्याचा आणि दालनबदलाची चौकट पहिल्याच पानावर, शीर्षकाखाली घेण्याचा प्रस्ताव मी समितीपुढे मांडतो. अडचण एवढीच की आमच्या दरपत्रकात पहिल्या पानाच्या तळपट्टीचा दर सर्वांत चढा आहे. ती काढून घेतल्यावर त्या जाहिरातदाराला काय द्यावे?

जुना उपसंपादक
शेवटचे पान पूर्ण द्या. माणसे अंक घडी करून काखेत धरून फिरतात, तेव्हा समोरच्याला तेच पान दिसते. कंपनीच्या प्रतिनिधीला घडी घालूनच दाखवा.