पेनांचे सुटे भाग कशात ठेवता? (अनुभव धागा)

कातीव_काका

घराला रंग काढतोय म्हणून माळा रिकामा केला, तर थोरल्या काकांचं काड्यापेट्यांचं कपाट हाती लागलं. काका सोलापुरात एका जिन्याखाली बसून पेनं दुरुस्त करायचे. रिकाम्या काड्यापेट्या सरसाने एकमेकींना चिकटवलेल्या, बाहेरून कॅलेंडरचा कागद, प्रत्येक खणाला ओढायला दोऱ्याची गाठ. आणि आत जे असेल त्याचा एक नमुना दर्शनी बाजूला लाखेने डकवलेला. निबांच्या खणावर निब, निबेखालच्या जिभल्यांच्या खणावर जिभली, क्लिपांच्या खणावर क्लिप. कुठे एक अक्षर लिहिलेलं नाही. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, मान न वळवता काकांचा हात बरोबर खणात जायचा.

मी स्वतः हौसेखातर लेथवर (कातायच्या यंत्रावर) पेनं कातायला लागलो तेव्हा कळलं की लाकूड कातणं सोपं, सुटे भाग सांभाळणं अवघड. अगदी साधं स्लिमलाइन किट (एका बारीक पेनाच्या सुट्या भागांची तयार पिशवी) घ्या. ७ मिमीच्या दोन पितळी नळ्या (यांवर लाकूड चिकटवून कातायचं), निमुळतं टोक, ट्विस्टची यंत्रणा, मधली रिंग, क्लिप, वरची टोपी, रिफिल. झाले आठ नग. दहा पेनं करायला घेतली की ऐंशी. शिवाय बुशिंगं (कातताना लाकडाच्या दोन्ही टोकांना लावायच्या मापाच्या कड्या) प्रत्येक प्रकारच्या किटची वेगळी आणि लांबून सगळी एकाच आईची लेकरं.

माझं मत असं की किटची पिशवी जोडणीच्या दिवसापर्यंत फोडायची नाही. नळ्या तेवढ्या काढायच्या, बाकीचं तसंच ठेवायचं. सगळ्या क्लिपा एकीकडे नि सगळ्या रिंगा एकीकडे हे दुरुस्तीवाल्याला सोयीचं, कारण त्याला एका वेळी एकच भाग लागतो. आपल्याला एका पेनाचं सगळं एकदम लागतं. पण इथे याच्या उलट करणारेही असतील. लिहा तुमचं. कपाटाचा फोटो नंतर टाकतो, त्या खोलीत आत्ता रंगारी आहेत.

रेवाची_आई

आप्पेपात्र!!
कोटिंग गेलेलं जुनं. जोडणी करताना एकेका खळग्यात एकेका पेनाचे भाग. बूड गोल असल्याने रिंग बोटाने नुसती कडेला सरकवली की हातात येते, चौकोनी खणात नखाने उकरावी लागते. बाकी नंतर लिहिते, बस आली.

नागदेवीकर

बुशिंगांचं सांगतो. सायकलच्या स्पोकची कडी करायची, त्यात जोडी ओवायची आणि सोबत पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर पंच केलेला. मार्करने लिहू नका. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरला की अक्षर गायब. पंचांचा संच मुंबईत नागदेवी स्ट्रीटला कुठेही मिळेल. त्यात नऊच पंच निघतात म्हणून दुकानदाराशी भांडू नका, ६ चाच उलटा धरून ९ होतो.

मिशिगनचा_मध्या

पिशवी न फोडण्याला +१.
माझ्याकडे बेसमेंटात ६४ खणांचं प्लास्टिकचं कपाट आहे. खण पारदर्शक, त्यामुळे लेबलची भानगड नाही. एकच गोष्ट बघून घ्या, खणाला मागे अडसर असायला हवा. नसेल तर जरा जोरात ओढला की अख्खा खण हातात आणि स्प्रिंगा जमिनीवर.
रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), इथे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की सीए गोंद (सुपरग्लू) वाळायचं नावच घेत नाही. आणि आईकडे रत्नागिरीला जुलैत बाटली उघडली की चार दिवसांत काकवी.

शाईचा_डाग

@कातीव_काका काकांच्या कपाटात जुन्या निबा आहेत का हो अजून? विकणार का? (सहज विचारतोय) (सहज नाही)

दापोलीकर

मध्या, दमट हवेनेच तो गोंद धरतो, म्हणून कोकणात त्याचे लाड जास्त. न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये. फोडलेली बाहेर, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, सोबत बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. आणि फ्रिजमधून काढली की तासभर तशीच राहू द्यायची, मग फोडायची. थंड बाटली लगेच उघडली तर आत दव धरतं आणि फ्रिजमध्ये ठेवल्याचा फायदा तिथेच संपतो.
आमच्या फ्रिजमधल्या डब्यावर बायकोने चिठ्ठी लावली आहे, 'हे खायचं नाही. कोणीही विचारू नये.'

रेवाची_आई

दापोलीकर, चिठ्ठी =)) वहिनींना दंडवत

काळा_दांडा

लाकूडवाल्यांच्या गर्दीत एबोनाइटवाला मीच दिसतोय, तेव्हा जरा लांबण लावतो.

एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेला माल. तो गंधक नंतरही हळूहळू बाहेर पडत राहतो. त्यामुळे एबोनाइटचे दांडे आणि पितळी नळ्या, चांदीच्या रिंगा यांचा संसार एका बंद डब्यात मांडू नका, धातू काळवंडतो. दुसरं, ऊन. खिडकीजवळ राहिलेला काळा दांडा वरून तपकिरी-हिरवट होतो. आतला काळा असतो, पण कातलेल्या पेनाचं तसं झालं तर पुन्हा घासत बसा. मी दांडे जाड कापडात गुंडाळून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांत ठेवतो. पाइप भिंतीला आडवे, तोंडाला रबरी बूच, बुचावर व्यास, मिमीत. १४, १६, १८.

सेल्युलॉइड (जुन्या पेनांचं प्लास्टिक) असेल तर याच्या उलट, ते हवाबंद नको. जुनं होताना त्यातून आम्लाची वाफ निघते, कोंडली तर तेच अजून लवकर खराब होतं आणि शेजारच्या क्लिपा गंजतात. शिवाय भडकन पेट घेतं. त्याचा कीस त्या त्या दिवशी घराबाहेर.

गांधीजींना स्वदेशी पेन करून देणारे राजमहेंद्रीचे रत्नम, त्यांच्याकडे आजही एबोनाइट हाताने कातलं जातं. राजमहेंद्रीकडे कोणी जाणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, यादी देतो.

सोनचाफा_७

वाखुसा (वाचनखूण साठवली).
@काळा_दांडा वासाचं काय करता? आमच्याकडे एबोनाइट लेथवर चढलं की सासूबाई गॅस बघून येतात, मग शेजारच्या काकूंचाही गॅस बघून येतात.

काळा_दांडा

गच्ची. :-)

अनामिक_फिरकी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

चंचीवाली

मी पेनं करत नाही, अहो करतात. पण त्यांची चंची मी शिवली आहे.
आजीची पानाची चंची आठवतेय ना? गुंडाळी उलगडली की कप्प्यात कप्पा, एकात सुपारी, एकात कात, लवंगा वेगळ्या, चुन्याची डबी मध्ये, बाहेरून नाडी. तीच बेतली, जुन्या इरकलीच्या काठांची. यांचं दर रविवारी मित्राच्या लेथवर जाणं असतं, तेव्हा सगळं यात बसतं. चुन्याच्या डबीच्या जागी स्प्रिंगांची डबी, अडकित्त्याच्या लांब कप्प्यात चिमटे नि कोलेट (लेथवर दांडा पकडायची कडी). आतलं अस्तर मुद्दाम पांढरं घेतलं, काळी-सोनेरी रिंग लगेच दिसते. पांढरं मळतं, पण धुता येतं.

सोनचाफा_७

चंचीचं माप द्या ना! मला पेनांसाठी नको, खऱ्या पानासाठी हवी आहे, वडिलांना.

चंचीवाली

व्यनि केलाय. इरकल जुनी घ्या, नव्याचं सूत घसरतं.

नागदेवीकर

टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) कोणी काढलेच नाहीत. टोपीच्या आट्यांना आपण जे १२ नि १३ मिमीचे, ०.८ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) थ्री-स्टार्ट (एकदम तीन आटे पाडणारे) टॅप वापरतो ते महाग असतात आणि खणात एकमेकांवर आपटले की धार जाते. लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडून उभे ठेवा. आणि टॅपच्या शेजारच्या भोकात त्याचंच ड्रिल. १३ च्या टॅपशेजारी १२.२. दुसरीकडे कुठेही त्या ड्रिलला जागा द्यायचीच नाही, म्हणजे ते परत तिथेच येतं.

कातीव_काका

हे फार आवडलं. आजच ठोकळा करतो.
@शाईचा_डाग निबा आहेत. विकणार नाही. बघायला या, चहा पाजतो.

शाईचा_डाग

पत्ता??? निघालोच

बारीक_सारीक

ठेवण्याबद्दल सगळे बोलले, पडल्यावर काय ते कोणी सांगेना.
१) टॉर्च जमिनीला टेकवून आडवा मारा. स्प्रिंग एवढीशी, सावली हातभर.
२) चुंबक फिरवून फक्त स्प्रिंग मिळेल, पितळी रिंग नाही. रिंगेसाठी व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा.
३) सगळ्यात भारी, सोनाराकडे बघा. त्याच्या मेजाखाली कातड्याची झोळी असते, पडलेला कण तिच्यातच. मी जाड कापडाचा अ‍ॅप्रन घेऊन त्याची खालची कड वेल्क्रोने टेबलाला लावतो. उठताना मात्र आधी सोडवायचा.

मिशिगनचा_मध्या

सोनारावरून, आमच्या गल्लीत लहानपणी झारेकरी यायचे. सराफांच्या दुकानांपुढची माती, गटारातला गाळ घमेल्यात धुऊन सोनं काढायचे. तासन्‌तास बघत उभा राहायचो. अजून येतात का कोणी?

दापोलीकर

येत असतील. तुमच्या बेसमेंटात नेऊन बसवा एकाला :D

रेवाची_आई

आले परत. एक राहिलं, किट आलं की पहिल्यांदा नग मोजा. एका ऑनलाइन दुकानाने पाठवलेल्या पिशवीत क्लिपच नव्हती आणि मला कळलं जोडणीच्या दिवशी, तोवर परत करायची मुदत संपली होती. आता पिशवी न फोडताच वरून चाचपून मोजते.
आणि लाकडी ठोकळे कसे ठेवता? पाऊण इंची, पाच इंच लांब. माझे टोकाला तडकतात.

दापोलीकर

दोन्ही टोकं वितळलेल्या मेणात बुडवा. ओलावा टोकांकडून भराभर निघतो, मध्ये रेंगाळतो, म्हणून टोकाला चीर पडते. लाकडाचं नाव मेणाच्या आत, पेन्सिलीने, आधी लिहून. नंतर ओळखू म्हणाल तर फणस फसवतो, कापताना हळदीपिवळा, काही दिवसांनी तांबूस तपकिरी.
आमच्या आवारातला एक फणस गेल्या पावसात पडला, त्याच्या फळ्या पडवीत सावलीला वाळताहेत. कोणाला हव्या असतील तर घेऊन जा. कुरियर करणार नाही.

सोनचाफा_७

बरका होता की कापा?

दापोलीकर

कापा. तेच तर दुःख आहे.