किलकेनीतले जुने आणि परवडणारे पब: सोबत मुलगा आणि शाकाहारी बाबा, कसं जमवावं?

पाचपाखाडीकर

मंडळी, जूनच्या पहिल्या आठवड्यात आयर्लंडला जायचं ठरतंय. आधी डब्लिन, मग किलकेनी. डब्लिनच्या टेम्पल बार भागातले पाइंटचे (बिअरच्या मोठ्या ग्लासचे) भाव वाचून डोळे पांढरे झाले, तेव्हा पबची हौस किलकेनीतच भागवावी म्हणतो. लाकडी काउंटर, कोपऱ्यात वाजणारं फिडल (व्हायोलिन), गावातली माणसं निवांत गप्पा मारतायत, असा पब हवा. पर्यटकांसाठी सजवलेला नको.

आम्ही चौघं: मी (बिअर चालते), बायको (अजिबात घेत नाही), १३ वर्षांचा मुलगा आणि बाबा. बाबा पक्के शाकाहारी, पण रात्री एक पेग लागतो. मुलाला आत घेतात का? बाबांनी खायचं काय? संध्याकाळचा खर्च किती धरू? डब्लिनहून सकाळी जाऊन रात्री परत आलो तर चालेल का? ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा. युट्यूबवर सगळे नुसते फेसाचे फोटो दाखवतात.

कोपरी_पूर्व

आधी तारखा बदला. जूनचा पहिला सोमवार तिकडे सुट्टीचा असतो आणि त्याला जोडून किलकेनीत कॉमेडी फेस्टिव्हल असतो. खोल्यांचे दर तेव्हा आभाळाला भिडतात. एरवीही शुक्रवार-शनिवार टाळा. लग्नाआधीच्या मित्रमैत्रिणींच्या पार्ट्यांसाठी हे गाव आयर्लंडभर प्रसिद्ध आहे. शनिवारी रात्री जॉन स्ट्रीटवर सॅश घातलेले घोळके फिरत असतात आणि तुम्हाला हवा तो निवांतपणा औषधालाही मिळत नाही. सोमवार ते गुरुवार जा. खोलीही जॉन स्ट्रीटकडे तोंड असलेली घेऊ नका.

सकाळी जाऊन रात्री परत, हा बेत सोडा. पबची खरी वेळ रात्री नऊनंतरची आणि तेव्हा तुमचं लक्ष परतीच्या गाडीकडे असणार. दोन रात्री राहा. गाडी डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून सुटते, कॉनॉलीवरून नाही. वॉटरफर्डकडे जाणारी गाडी, साधारण दीड तास. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. किलकेनी स्टेशनातून नदीवरच्या पुलापर्यंत चालतच जाता येतं.

गाव म्हणजे एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला सेंट कॅनिस कॅथीड्रल आणि मध्ये जेमतेम मैलभराचा रस्ता. हाय स्ट्रीट पुढे पार्लमेंट स्ट्रीट होतो, त्याला समांतर सेंट किरन्स स्ट्रीट, आणि दोन्ही जोडणारी बटर स्लिप नावाची अरुंद बोळ. बहुतेक पब याच पट्ट्यात, बाकीचे नोर नदीपलीकडे जॉन स्ट्रीटवर. संगीत आणि गप्पा हव्या असतील तर पार्लमेंट स्ट्रीटकडून सुरुवात करा. तिथल्या क्लिअर्स नावाच्या पबमध्ये मागच्या बाजूला छोटं थिएटरही आहे.

आता भाव. पेयांच्या किमतींची यादी दाराशी लावणं आयर्लंडमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. रात्री उशिरा दर वाढत असतील तर तेही त्यात लिहावं लागतं. आत शिरण्याआधी ती यादी वाचा, कोणी हसत नाही. किलकेनीत पाइंट सहा युरोच्या आसपास धरा, टेम्पल बारमध्ये आठ ते दहा. हिशेबाला युरो म्हणजे ढोबळ १०० रुपये.

स्वस्त पब ओळखायचा कसा? दारावर घराण्याचं आडनाव, आत शिरताच काउंटर, मोठं किचन नाही, डीजे नाही, भिंतीवर हर्लिंगच्या (काठी-चेंडूचा आयरिश मैदानी खेळ) टीमचे जुने फोटो. अशा जागी सजावटीचा आणि नोकरवर्गाचा खर्च नसतो, म्हणून भाव आटोक्यात राहतो. दाराबाहेर पाच भाषांत मेन्यू दिसला की पुढे चालू लागा.

बेलापूरची_मावशी

बाबांच्या जेवणाबद्दल लिहिते, कारण इथेच लोक फसतात.

‘व्हेजिटेबल सूप’ लिहिलेलं असतं, पण त्यात चिकन स्टॉक असू शकतो. मेन्यूवर पदार्थापुढे छोटे आकडे असतात, ते १४ ॲलर्जींचे. त्यात दूध, अंडं, मासे, सेलरी सगळं येतं, पण मांस हा ॲलर्जीचा प्रकार नाही. म्हणजे चिकन स्टॉक असला तरी त्या आकड्यांतून कळणार नाही. तोंडी विचारा आणि “व्हेजिटेरियन आहे का” एवढ्यावर थांबू नका, स्टॉक कशाचा आहे तेच विचारा. चाउडर नावाच्या दाट सूपमध्ये मासे असतात, आयरिश स्ट्यू मटणाचा, ब्लॅक पुडिंगमध्ये रक्त. चिप्स कोणत्या तेलात तळतात तेही विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी मासे आणि चिप्सची कढई एकच असते.

हमखास चालेल ते म्हणजे टोस्टी, म्हणजे भाजलेलं सँडविच. ‘स्पेशल टोस्टी’ म्हटलं की हॅम येणारच, त्यामुळे चीज, टोमॅटो आणि कांद्याची मागा. ब्राउन सोडा ब्रेड ताकात भिजवलेला असतो, यीस्ट नाही, लोण्याबरोबर छान लागतो. उकडलेला बटाटा कोबी घालून घोटतात ते कोलकॅनन, पण ते बहुतेक वेळा बेकनसोबत येतं. वेगळं द्यायला सांगा. चीजमधल्या रेनेटपर्यंत (दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) बाबांचं पथ्य असेल, तर गावात इंडियन रेस्टॉरंट आहेतच.

वेळ पाळा. पबमधलं जेवण साधारण साडेबारा ते अडीच आणि पुन्हा संध्याकाळी, तेही आठ-नऊपर्यंतच. लहान पबात किचनच नसतं. आपल्याकडच्या परमिट रूमसारखं बसल्याबरोबर काकडी-चणे पुढ्यात येतील अशी अपेक्षा ठेवू नका. चखणा फुकट मिळत नाही, वेफर्सचं पाकीट विकत घ्यावं लागतं. जेवण दुपारी पबमध्येच, भरपेट उरका. सूप-ब्रेड सहा ते आठ युरो, टोस्टीही त्याच घरातली.

वहिनींसाठी: कोक मागण्यापेक्षा रॉक शँडी मागा, संत्रं-लिंबाचं पेय आहे, दारू नसते. चहाची किटली मागितली तरी कोणी भुवया उंचावत नाही, तो पबमधला सगळ्यात स्वस्त सौदा. ०.० स्टाउटही (बिनअल्कोहोलची काळी बिअर) सगळीकडे मिळते, पण नेहमीच्या पाइंटपेक्षा फारशी स्वस्त नसते.

डेपोसमोर

काउंटरवरची रीत:

टेबलावर वेटर येईल म्हणून बसून राहाल तर रात्र संपेल. उठून काउंटरवर जा, मागा, तिथल्या तिथे पैसे द्या. रांग नसते, पण कोण आधी आलं ते बारमनच्या डोक्यात पक्कं असतं. नोट हलवू नका, टिचकी वाजवू नका, नजरानजर पुरते. काउंटरवर टिप देत नाहीत. कार्ड चालतं, तरी खिशात थोडे सुटे युरो असू द्या.

ऑर्डरमध्ये स्टाउट पहिली सांगा. गिनीज ही तिथली प्रसिद्ध स्टाउट दोन टप्प्यांत भरतात: ग्लास ४५ अंशांत तिरका धरून पाऊण भरायचा, ठेवून द्यायचा, मग वरचा भाग. एकूण दोनेक मिनिटं. त्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा नायट्रोजन जास्त असतो, म्हणून बुडबुडे बारीक आणि खाली बसायला वेळ. काउंटरवर अर्धवट भरलेला तपकिरी ग्लास दिसला की तो उचलू नका. नवखे हमखास उचलतात. काळा आणि पांढरा भाग स्वच्छ वेगळा झाला की तोच तुमच्यासमोर सरकवतील.

पाइंट बरा की वाईट? पिताना ग्लासच्या आतून फेसाच्या कड्या राहिल्या तर ग्लास स्वच्छ. मोठे बुडबुडे आणि फेस लगेच विरला, तर ग्लासला तेलकटपणा. आंबूस वास आला तर नळी साफ केलेली नाही किंवा ते पिंप फार दिवस चालू आहे. म्हणून ज्याचा खप जास्त तेच प्या. सगळे स्टाउट पीत असताना तुम्ही कोपऱ्यातल्या नळाची एखादी अनोळखी बिअर मागितलीत तर शिळी मिळायची शक्यता जास्त. खराब निघाली तर शांतपणे परत द्या, वाद न घालता बदलून देतात.

बाबांच्या पेगचं गणित. तिथलं माप ३५.५ मिली. आपला लहान ३० मिली, मोठा ६०. आपली व्हिस्की ४२.८ टक्के, त्यांची सहसा ४०. म्हणजे तिथला एक म्हणजे आपल्या लहान पेगहून किंचित जास्त, आणि ‘डबल’ म्हणजे ७१ मिली, आपल्या मोठ्याहून जास्त. सवयीने डबल मागवू नका. पाणी फुकट, सोड्याच्या बाटलीचे पैसे वेगळे. आणि तुम्ही: ५६८ मिलीचा ४.२ टक्क्यांचा पाइंट म्हणजे जवळपास २४ मिली अल्कोहोल, आपल्या ६० च्या पेगपेक्षा थोडंच कमी. ‘बिअरच तर आहे’ म्हणत चार रिचवाल तर किल्ला दुसऱ्या दिवशी दुपारी बघाल. गावची म्हणून स्मिथिक्स रेड एल ही लालसर बिअर घेऊन बघा, ३.८ टक्के. कारखाना १७१० चा, पण २०१३ च्या अखेरीस किलकेनीतलं उत्पादन थांबलं, आता डब्लिनमध्ये बनते.

कोणाशी गप्पा रंगल्या आणि त्यांनी तुमच्यासाठी पाइंट आणला, तर पुढची फेरी तुमची, सगळ्यांसाठी. ते नको असेल तर सुरुवातीलाच “माझं मी घेतो” म्हणा. एक पिऊन सटकणं तिथे फार वाईट दिसतं.

पाचपाखाडीकर

तिघांचेही आभार, तारखा पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. पण मुलाचं राहिलं. आणि कायटलर्स इन हा पब बघावा का? फार जुना आहे म्हणतात.

कोपरी_पूर्व

१५ वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांसोबत आत बसता येतं, पण रात्री ९ पर्यंत. मे ते सप्टेंबर १० पर्यंत. काही पब स्वतःहून आणखी आधी थांबवतात, त्यामुळे आत शिरतानाच विचारा. गोची अशी की सेशन, म्हणजे पबमधलं वादन, बहुतेक साडेनवाला सुरू होतं. मुलाला फक्त अर्धा तास. एकतर संध्याकाळी लवकर वाजणारी जागा शोधा, नाहीतर आलटून पालटून जा: एक रात्र तुम्ही, एक रात्र बाबा. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, मुलाला घेऊन खोलीवर परतणाऱ्याला नदीकाठाने फेरी मारता येईल. आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेअकराला शेवटची ऑर्डर, मग अर्धा तास संपवायला.

कायटलर्स एकदा दुपारी पाहून या. डेम ॲलिस कायटलरवर १३२४ मध्ये चेटूक केल्याचा आरोप झाला, ती निसटली आणि तिची दासी पेट्रोनिला हिला जाळलं. तळघरातलं दगडी बांधकाम बघण्यासारखं आहे. बसायला मात्र मी दुसरीकडे जाईन.

डेपोसमोर

याला असहमत. गर्दी असते हे खरं, पण संगीत लवकर ऐकायचं असेल तर अशा मोठ्या जागीच ते मिळतं, आणि इथे मुलगा सोबत आहे. छोटी जागा हवी तर हाय स्ट्रीटमागचं होल इन द वॉल, १५८२ चं घर. इतकं लहान की दहा-बारा माणसांत भरलं असं वाटतं. रोज उघडं नसतं, आधी बघून जा.

वाशी_सेक्टर_सतरा

सेशनबद्दल थोडं. तो स्टेजवरचा कार्यक्रम नसतो, वादक एका टेबलाभोवती आपापसात वाजवत असतात. त्या टेबलाच्या रिकाम्या खुर्च्या रिकाम्या नसतात, उशिरा येणाऱ्या वादकांसाठी राखलेल्या असतात. तिथे बसू नका. एकच चाल दोन-तीनदा घोळवून न थांबता पुढच्या चालीत शिरतात, त्यामुळे मध्ये टाळ्या नकोत, सेट संपल्यावर वाजवा. तालावर टाळ्यांचा ठेका तर अजिबात धरू नका, बोधरान (डफासारखं आयरिश वाद्य) वाजवणाऱ्याचा ताल बिघडतो. फर्माईश करत नाहीत. कोणी वाद्यांशिवाय गाऊ लागलं की अख्खा पब गप्प होतो, तेव्हा काउंटरवर ऑर्डरही देऊ नका. मोबाइल तोंडासमोर धरण्याआधी विचारा.

गंमत अशी की याच गावात १३६६ मध्ये झालेल्या कायद्यांनी इंग्रज वसाहतवाल्यांना आयरिश गायक-वादक दाराशी उभे करायला आणि हर्लिंग खेळायला मनाई केली होती. आज हर्लिंगमध्ये सगळ्यात जास्त ऑल-आयर्लंड विजेतेपदं किलकेनीकडे आहेत. गप्पा सुरू करायच्या तर हाच विषय काढा. आणि किलकेनीचा काळा-पिवळा पट्टेरी शर्ट घातलेला माणूस दिसला की टिपररीचं, म्हणजे शेजारच्या प्रतिस्पर्धी काउंटीचं, कौतुक करू नका.

चौघांच्या एका रात्रीसाठी (दोन पाइंट, एक व्हिस्की, एक किटली चहा, दोन थंड पेयं, दोन टोस्टी, वेफर्स) ४५ ते ५० युरो बाजूला ठेवा. स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमधून खोलीवर बाटली न्यायचा विचार असेल तर ती रात्री दहाच्या आत घ्या, रविवारी दुपारी साडेबाराआधी मिळत नाही. २०२२ पासून किमान दराचा कायदा आहे, तेव्हा दुकानातही मातीमोल भावात काही मिळणार नाही.