मदत हवी आहे: पायथनमधला चालू लूप एक कळ दाबून थांबवायचा आहे

सेन्सरवाला: रास्पबेरी पाय (छोटा संगणक), डीएस१८बी२० तापमान सेन्सर, पायथन ३. लूप दर १० सेकंदांनी तापमान वाचून सीएसव्ही फाइलमध्ये ओळ लिहितो. 'क्यू' दाबताच तो थांबायला हवा. इनपुट() घातलं की लूप तिथेच अडकतो. कंट्रोल-सी चालतं, पण कधी शेवटची ओळ अर्धवट राहते. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून टर्मिनल जोडून चालवतोय.

टर्मिनलकर: इनपुट() एंटरची वाट बघतं, आणि एंटर येईपर्यंत टर्मिनलही अक्षरं स्वतःकडेच धरून ठेवतं. म्हणून आधी टर्मिऑस या मॉड्यूलच्या टीसीगेटअ‍ॅटरने टर्मिनलची जुनी सेटिंग्ज जपून ठेवा, मग टीटीवाय.सेटसीब्रेक लावा, म्हणजे एंटरविनाच अक्षर मिळतं. सेटरॉ नको, त्यात कंट्रोल-सीसुद्धा बंद पडतं.

आता खरी गोष्ट: टाइम.स्लीप(१०) काढूनच टाका. त्या जागी इनपुट येण्याची वाट बघणाऱ्या सिलेक्ट.सिलेक्टला स्टँडर्ड इनपुट (कीबोर्डवरून येणारी अक्षरं) द्या आणि टाइमआउट १० ठेवा. कळ दाबली नाही तर तो १० सेकंद थांबतो, दाबली तर तत्काळ जागा होतो. स्लीप ठेवून नुसतं तपासत बसलात तर 'क्यू'ला १० सेकंदांपर्यंत उशीर होईल. सेन्सर १२ बिटांच्या रिझोल्यूशनवर असेल तर एका वाचनाला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढा उशीर राहीलच.

अक्षर ओएस.रीडने वाचा. सिस.एसटीडीइन.रीड(१) पुढची अक्षरं आपल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ओढून घेतं, मग सिलेक्टला काहीच दिसत नाही. जुनी सेटिंग्ज फायनलीमध्ये (लूप कसाही संपला तरी शेवटी चालणाऱ्या भागात) परत लावा. राहून गेलं तर टाइप केलेलं दिसत नाही. तेव्हा न दिसताच 'एसटीटीवाय सेन' (stty sane) ही टर्मिनल पूर्ववत करणारी आज्ञा लिहून एंटर मारा.

बिटबहाद्दर: अर्धवट ओळ वेगळ्या कारणाने राहते. तुकड्यातुकड्यांनी राइट() करताय, मधेच व्यत्यय आला की उरलेला तुकडा जातो. पूर्ण ओळ आधी जोडा, एकाच राइट()ने लिहा, लगेच फ्लश करा (बफरमधलं फाइलकडे ढकला). थांबवायला एस्केप कळ निवडू नका. बाणाच्या कळाही एस्केपच्याच बाइटने सुरू होतात, चुकून बाण दाबला तरी लूप थांबेल.

विंडोजवर हे चालणार नाही. तिथे एमएसव्हीसीआरटी मॉड्यूलचं केबीहिट (कळ दाबली का ते बघायला) आणि मग गेटसीएच (ती वाचायला) वापरा. उत्तर बाइट्समध्ये येतं, साध्या स्ट्रिंगशी तुलना केली तर कधीच जुळत नाही.

सेन्सरवाला: सिलेक्टने काम झालं, आभार! पुढे हेच सिस्टमडीची (लिनक्समध्ये पार्श्वभूमीतले प्रोग्रॅम सांभाळणारी व्यवस्था) सर्व्हिस म्हणून चालवलं तर?

टर्मिनलकर: तिथे टर्मिनलच नसतं, टीसीगेटअ‍ॅटर एरर देईल. आधी इझएटीटीवायने टर्मिनल आहे का ते तपासा. सर्व्हिस थांबवताना सिगटर्म हा 'बंद हो' सांगणारा सिग्नल येतो आणि पायथन फायनली न चालवताच संपतो. सिग्नल मॉड्यूलने सिगटर्मसाठी हँडलर (तो आला की चालणारं फंक्शन) लावा, त्यात फक्त सिस.एक्झिट करा, मग फायनली चालतं.