जुनी इंपोर्टेड डिझेल गाडी लांब काढताय? तुमचे अनुभव सांगा

व्हँकुव्हरहून:
आमच्याकडे १९९२ ची मित्सुबिशी डेलिका आहे, जपानातून आलेली, अडीच लिटर टर्बो डिझेल. कॅनडात गाडी १५ वर्षं जुनी झाली की आणायला फार कटकट नसते त्यामुळे इकडे बऱ्याच दिसतात. जुलैत आईबाबा येतायत, त्यांना घेऊन रॉकी पर्वतातलं बॅन्फ, जाऊन येऊन सतराशे किमी, वाटेत कोकिहाला आणि रॉजर्स पास या घाटांचे चढ. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारा पट्टा) कधी बदललाय याचा कागद नाही. तुम्ही काय करून घेतलंत, आणि काय राहिलं म्हणून पस्तावलात ते लिहा.

कॅल्गरीहून:
कागद नाही म्हणजे बदललेलाच नाही असं धर बाबा. आणि आत बेल्ट दोन असतात, दुसरा छोटा, इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा. मी मोठा बदलला आणि छोटा बरा दिसतोय म्हणून तसाच ठेवला, कंजूषपणा दुसरं काय, तो रेव्हलस्टोकच्या अलीकडे तुटला, तुकडे मोठ्या बेल्टात गेले आणि व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म मोडले. वाटेत खायला केलेल्या दशम्या आम्ही दोन दिवस मोटेलात बसून संपवल्या.

ऑकलंडहून:
आमची टोयोटा सर्फ, तीन लिटर. हिचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तडकतं हे इथे कोणीही सांगेल, पण तडकतं ते इंजिन तापून, म्हणून आधी रेडिएटर, पाण्याचे पाइप आणि फॅनचा क्लच बघा, बाकी नंतर. एक फुकटची टेस्ट सांगते. गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी स्टार्ट न करता रेडिएटरचा वरचा जाड पाइप दाबायचा. मऊ लागला तर ठीक. आमचा टणक लागला, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत होता, आणि मी आदल्या दिवशी कुलंटची लेव्हल बघून खूश होते! वेलिंग्टनची ट्रिप रद्द. (इथे डिझेलवाल्यांना रस्त्याचा करही हजार-हजार किमीच्या हिशोबात आगाऊ भरावा लागतो, तो संपलेला नाही ना तेपण बघा.)

पुण्याहून:
काकांची प्राडो, तीन लिटर डिझेल, बाहेरून पूर्ण बनून आलेली. लेहला निघायच्या आधी एका गॅरेजवाल्याने ऑइल बदलून "बिनधास्त जा साहेब" म्हटलं. आमच्या नेहमीच्या मेस्त्रीला चैन पडेना, त्याने ऑइल चेंबर खोललं तर आतल्या जाळीवर डांबरासारखा थर. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळत होते, काजळी ऑइलात उतरत होती. जाळी चोंदली की ऑइल वर चढत नाही, मग घाटात इंजिन बसलंच म्हणून समजा. वॉशर यायला अकरा दिवस लागले, तर पार्ट महिनाभर आधी मागवा.

एडमंटनहून:
जुलैला लागू नाही तरी लिहितो. हिवाळ्यात व्हँकुव्हरला भरलेलं डिझेल इकडच्या थंडीत गोठायला लागतं. टाकी खाली करत या आणि वाटेत इकडचं भरा.

व्हँकुव्हरहून:
सकाळी पाइप दाबला, मऊ आहे. तेवढ्या खुशीत खाली शिरलो तर मागच्या हीटरला पाणी नेणारा लोखंडी पाइप दिसला, नखाने खरवडला तर पापुद्राच हातात आला. बेल्ट दोन्ही मागवलेत, पाइपही. बॅन्फ आता ऑगस्टात, आईला अजून सांगितलेलं नाही.