समुद्रावर भरलेला वर्ग : तुमचे अनुभव सांगा

मुक्ता_पुणे
परवा लेक शाळेच्या सहलीहून आली, दिवेआगरला गेले होते. रात्री कपडे धुवायला टाकताना खिशात रुमालाची पुरचुंडी सापडली आणि कसला तरी कुजका वास. उघडली तर सात-आठ शंख आणि एकात खेकडा, मेलेला. ती रडायलाच लागली, मला वाटलं रिकामा आहे गं आई. आणि मला एकदम आमचे सर आठवले.
माझी शाळा दापोली तालुक्यात, किनारा दहा मिनिटांवर. सातवीला विज्ञानाचे सर ओहोटी बघून आम्हाला खडकांवर न्यायचे. चपला काढायच्या नाहीत, कालवांनी तळवे चिरतात. एखादा दगड उचलून पालथा करायचे, खाली ओलसर सावलीत नखाएवढे खेकडे, गोगलगायी, अंड्यांचा बुळबुळीत पट्टा. दोन मिनिटं बघायचं की दगड होता तस्सा परत, ओली बाजू खाली. एकाने तसाच टाकला तर सर म्हणाले, कुणाच्या घरात डोकावलास तर जाताना दार लावून ये. शंख सापडला की तळहातावर उताणा धरायचा आणि न हलता शंभर आकडे मोजायचे, आत कुणी असेल तर हळूच पाय बाहेर काढतं. मी हे लेकीला कधी सांगितलंच नाही, याचं फार वाईट वाटतंय. तुम्हाला कुणी शिकवलं असं? किंवा तुम्ही शिकवता का?

खाडीकाठची
शंभर आकडे!! उद्याच वर्गात सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, निम्मी मुलं मच्छीमारांची. पहिल्या वर्षी मी फळ्यावर परिसंस्था वगैरे लिहीत बसले आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला वाचायला जड जायचं, तो खिडकीतून खाडीच बघत होता. दुसऱ्या दिवशी वर्गच खाडीवर नेला तर तोच शिक्षक झाला. निवटी हा मासा चिखलावर कशी उड्या मारते, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या कुठे उकरायच्या, कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजून मग खाली चिखलात कशा रुततात, सगळं त्यानेच दाखवलं. चिखलातून वर आलेली तिवराची मुळं श्वास घेतात हे मी सांगितलं तर म्हणतो, बाई म्हणूनच आजी त्यावर पाय देऊ देत नाही.

नारळीपाक
तिसऱ्यांचं नाव काढलंत, आता आज दुसरं काही बनवावंसंच वाटणार नाही 😄

अभय_ठाणे
मुलाला ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात नेलं होतं, तिथून बोटीने ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) बघायला. अभयारण्य 2015 चं, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आलं. पण मुलाला गुलाबी पक्ष्यांपेक्षा तिवरांना अडकलेल्या पिशव्या जास्त दिसल्या. परत येताना विचारतो, बाबा ही आपल्याच नाल्यातून आल्या का? हो म्हणालो, दुसरं काय सांगणार. त्या दिवसापासून घरातून कापडी पिशवी तोच घेऊन निघतो.

सुरूचंबन
आमच्याकडचं लिहू का, राग आला होता म्हणून आठवतंय. एका शाळेची किनारा स्वच्छता होती, मी पालक म्हणून गेले. तासभर मुलांनी जीव तोडून कचरा गोळा केला. मग बॅनर, फोटो आणि थर्माकोलच्या प्लेटमध्ये नाश्ता. पोती तिथेच ठेवून बस निघाल्या, उचलणार कोण ते ठरलेलंच नव्हतं. रात्री उधाण आलं. मुलांना हे कळलं नाही पण मला अजून डाचतं. पोती कोण नेणार हे आधी विचारा, प्लीज.

खाडीकाठची
@सुरूचंबन अगदी. आम्ही ग्रामपंचायतीचा टेम्पो ठरल्याशिवाय मुलांना बाहेरच काढत नाही.

भाचीचीआत्या
वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेलाय का कुणी? भाचीला घेऊन गेले होते मार्चमध्ये, गावातच घरगुती राहणं, उकडीचे मोदक, अहाहा. पहाटे किनाऱ्यावर दोरीमागे उभं राहायचं, घरट्यावरची टोपली उचलली तर वाळू आतून हलत होती. मग एक डोकं, मग एक पाय. तळहातात मावेल एवढं पिल्लू, थांबत थांबत पाण्याकडे. शंभराच्या आसपास अंडी असतात एका घरट्यात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 च्या सुमारास काम सुरू केलं, त्याआधी अंडी सर्रास उकरून नेली जायची म्हणतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात हे ऐकून भाची दिवसभर वाळूला हात लावून बघत होती.

दर्याचापोर
आम्ही कोळी, आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नाय. बाबा जाळ्यातून पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी आली की परत सोडायचे. मी म्हणायचो मोठी आहे ठेवा ना, तर म्हणायचे तिच्यात पुढच्या वर्षीचा बाजार आहे. जून-जुलैच्या बंदीत होडी वर ओढलेली असायची आणि जाळी विणता विणता हे सगळं बोलणं व्हायचं.

मुक्ता_पुणे
@दर्याचापोर वाचताना अंगावर काटा आला. लेकीलाही वाचून दाखवलं. आता ती म्हणतेय बाकीचे शंख परत ठेवायला जाऊ. या शनिवारी मामाकडे हर्णैला जायचा विचार आहे, ओहोटी कधी असेल? सप्तमी आहे.

दर्याचापोर
ताई तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या आसपास. पण सप्तमीला भांगाचं पाणी, म्हणजे ओहोटी कमी, खडक फार उघडे पडणार नाहीत. तृतीयेला जा. सव्वादोनला भरती म्हणजे सकाळी साडेआठला ओहोटी आणि पाणी लांबवर गेलेलं असतं.

मुक्ता_पुणे
मग तृतीयेलाच जातो. शाळा बुडाली तर बुडाली एक दिवस.

नारळीपाक
मामांकडून येताना सुकट आणा 🙂

खाडीकाठची
आणि चपला घाला दोघींनी!