शब्दचर्चा : मानसिक अस्वस्थ, मनोरुग्ण, मनोविकल – कोर्टाच्या कागदात कोणता?

टिळकवाडीकर
कन्नडमधले पोलीस जबाब पक्षकारांना मराठीत करून द्यायचं किरकोळ काम करतो. परवा बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपीपुढे 'मानसिक अस्वस्थ' असा शब्द आला. लिपी बदलली की तो जसाच्या तसा मराठीत येऊन बसतो, आणि आपल्याकडच्या बातम्यांतही सर्रास दिसतो. पण मराठीत अस्वस्थ म्हणजे जीव थाऱ्यावर नसलेला. निकालाच्या आदल्या रात्री अख्खं घर अस्वस्थ असतं. कन्नडमध्ये अस्वस्थ म्हणजे सरळ आजारी. आरोपीच्या आईनं मला तोंडी सांगितलं ते असं : 'सालभर खूळ लागलंय हो त्येला.' पोलिसांनी ते 'हुच्च' (कन्नडमध्ये वेडा) करून घेतलं, पुढे कुणीतरी सभ्य केलं. आता मी काय लिहू? मनोरुग्ण, वेडसर की मनोविकल?

निपाणीचा
आमच्याकडं खुळा कुणालाही म्हणतात की. बायकोचं ऐकतो तो खुळा, ऐकत नाही तोबी खुळा. तंबाखूचा दर पडल्यावर पुन्हा तंबाखूच लावणारा तर जातिवंत खुळा. 'खूळ लागलंय' याचा अर्थ नाद लागलाय असाही होतो. वेड लागलं असं म्हणायचं असेल तर 'डोस्कं फिरलंय', नाहीतर 'धारवाडची केस हाय' म्हणतात. पुण्याकडचे येरवडा म्हणतात ते आमचं धारवाड, म्हणजे तिथलं वेड्यांचं इस्पितळ. त्या आईचं वाक्य आहे तसंच ठेवा, असं मला वाटतं.

शहापूरची (वकिली करते)
निपाणीकर म्हणतात ते बरोबर. साक्षीदाराचा शब्द बदलू नका, अवतरणात ठेवा. 'खूळ'चं 'मनोविकल' केलंत तर तुम्ही भाषांतर न करता निकालच लिहून टाकलात, असं होईल.

कारण मनोविकल हा आजाराचा शब्दच नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ८४ साठी मराठीत तो वापरला जातो. कलमाचा आशय असा : कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या कृत्याचं स्वरूप, किंवा आपण करतोय ते गैर वा कायद्याविरुद्ध आहे, हे ज्याला कळूच शकत नव्हतं, त्याचा तो गुन्हा नाही. सगळा भार 'करतेवेळी' या शब्दावर आहे. आदल्या वर्षी काय झालं होतं आणि पुढच्या महिन्यात डॉक्टर काय म्हणाले, हे त्या घटकेकडे बोट दाखवण्यापुरतं. याचं मूळ १८४३ च्या इंग्लंडमधल्या मॅकनॉटन खटल्यात आहे. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२ आलंय, पण गाभा तोच.

आणि गंमत बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या संहितेचा पहिला मसुदा आला तेव्हा या कलमात 'मानसिक आजार' असा शब्द घातला होता. डिसेंबरच्या मसुद्यात तो काढून जुना 'मनोविकलता' अर्थाचा शब्द परत आणला. मला तरी हे योग्य वाटतं. मानसिक आजार ही फार मोठी पिशवी आहे. नैराश्य, चिंतेचा विकार, मंत्रचळ (तीच कृती पुन्हापुन्हा केल्याशिवाय चैन न पडणं), सगळं तिच्यात मावतं. पण मंत्रचळ असलेल्या माणसाला चोरी म्हणजे चोरी हे चांगलं कळतं.

वडगाववाला
म्हणजे डॉक्टरची फाईल असली तरी सुटका नाही? मग फाईल कशाला?

शहापूरची
फाईल लागतेच, पण ती एकटी पुरत नाही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला कलम ८४ चा लाभ दिला. त्यानं डोक्यात दगड घालून बायकोचा खून केला होता. न्यायालयानं काय बघितलं? वडिलांनाही मानसिक आजार होता. घटनेच्या आधीपासून याच्यावर उपचार चालले होते, संशयी स्किझोफ्रेनियाचं निदान होतं. दिवसाढवळ्या खून करून तो पळाला नाही की काही लपवलं नाही. अटकेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पुन्हापुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. असा आधीचा, त्या वेळचा आणि नंतरचा धागा जुळला तर काम होतं. कोयता विहिरीत टाकून हुबळीच्या गाडीत बसलेल्याचं अवघड.

सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, पण सरकार पक्षाइतका कडक नाही; 'तसं असण्याचा संभव जास्त' इथवर आणलं तरी पुरे. १९६४ च्या दह्याभाई ठक्कर निकालात आणखी एक सांगितलंय. मनोविकलता पुरती सिद्ध झाली नाही, पण पुराव्यानं गुन्ह्याच्या हेतूबद्दलच रास्त शंका आली, तरी आरोपी सुटू शकतो.

आणि खटला चालू असताना आरोपीला काही उमगत नसेल, तर तो वेगळा मुद्दा. तेव्हा तो स्वतःचा बचाव करू शकतो का एवढंच बघतात आणि खटला थांबवतात. जबाबात नेमकं कोणत्या वेळेबद्दल बोललंय हे भाषांतरात सांडू देऊ नका. 'होता' आणि 'आहे' यात इथं माणसाचं आयुष्य असतं.

निपाणीचा
आणि दारूच्या भरात?

शहापूरची
स्वतः प्यायला असेल तर नाही. कुणी फसवून किंवा जबरदस्तीनं पाजली असेल तर वेगळं कलम आहे.

वडगाववाला
पेपरात 'वेडसर आरोपी निर्दोष' वाचलं की लोक भडकतात. उद्या शेजारी येऊन राहील म्हणतात.

शहापूरची
'निर्दोष' हाच तिथं दिशाभूल करणारा शब्द आहे. अशा निकालात न्यायालयाला स्पष्ट लिहावं लागतं की कृत्य यानंच केलं की नाही. केलं असेल तर तो लगेच मोकळा होत नाही. सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा आदेश होतो, किंवा नातेवाइकानं हमी दिली तर त्याच्या ताब्यात देतात. 'दायित्वातून मुक्त' जड वाटेल, पण खरं आहे.

नंदगडची
तुम्ही सगळे आरोपीबद्दल बोलताय. माझ्या थोरल्या भावानं कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही. स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत, सकाळी डेअरीला दूध घालून येतो. तरी कुठं काही झालं आणि बातमीत 'मनोरुग्णाचा हल्ला' आलं की गल्लीत बायका पोरांना आत घेतात. त्याला ते कळतं. त्या दिवशी तो दूध घालायला जात नाही, मी जाते.

तेव्हा टिळकवाडीकर, मनोरुग्ण नकोच. 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' लिहा. लांब होईल, होऊ दे.

टिळकवाडीकर
ताई, पटलं. विकल शब्दाचीही इथं एक अडचण आहे. कर्नाटक सरकारच्या कागदात 'विकलचेतन' म्हणजे दिव्यांग. मनोविकल लिहिलं की आपली माणसं विचारतात, याला पेन्शन मिळते का?

शहापूरची
नंदगडच्या ताईंचा शब्द २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याशी जुळणारा आहे. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये स्वच्छ म्हटलंय : कुणाला मानसिक आजार आहे असं ठरलं, एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही, ते सक्षम न्यायालयानंच ठरवायचं. म्हणजे आजार आहे म्हणून गुन्हा माफ नाही, आणि आजार आहे म्हणून हक्कही जात नाहीत. एकाच भिंतीच्या दोन बाजू आहेत या. वर्तमानपत्री 'मनोरुग्ण' ती भिंतच पाडतो.

हक्कही नुसते कागदी नाहीत. साखळदंडानं बांधायला बंदी आहे. भूल न देता शॉक देता येत नाही. पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे बरं असताना लिहून ठेवता येतं. रस्त्यावर भटकणारी अशी व्यक्ती पोलिसांनी ताब्यात घेतली तर २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायची, कोठडीत ठेवायची नाही. उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. साखळीचं कलम वाचताना तमिळनाडूतलं एर्वाडी आठवतं. ऑगस्ट २००१ मध्ये तिथल्या मानसिक आजाऱ्यांच्या आश्रमाला आग लागली तेव्हा बांधून ठेवलेली २८ माणसं जागची हलू शकली नाहीत.

नंदगडची
मग एक विचारते. आमची सामायिक जमीन आहे. चुलते म्हणतात, याची धारवाडची फाईल आहे, याची सही चालत नाही, तुम्हीच परस्पर करून टाका.

शहापूरची
असं परस्पर काही करू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२ खाली उदाहरणच दिलंय : वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण मधूनमधून शुद्धीवर येत असेल तर त्या काळात तो करार करू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला हे कळत होतं. तुमचा भाऊ तर रोज दुधाचा हिशेब ठेवतो. आपल्या जुन्या दस्तांत 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' लिहितात ना, तेवढंच बघायचं, सही करतेवेळी. त्या सुमाराचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला घ्या, दस्त त्याला मराठीतून वाचून दाखवा, आणि समजलं का हे दोन साक्षीदारांसमोर त्याच्या तोंडून वदवून घ्या. तो नको म्हणाला, तर तेही त्याचं उत्तरच धरायचं.

निपाणीचा
चुलत्यांची अक्कलहुशारी कोण तपासणार?

टिळकवाडीकर
मसुदा असा करतोय : आईचं 'खूळ लागलंय' अवतरणात. पोलिसांच्या 'मानसिक अस्वस्थ'ला 'मानसिक आजार असलेला', आणि तळटीपेत मूळ कन्नड शब्द. मनोविकल फक्त कलमाच्या उल्लेखात. 'सालभर'चा काळ मात्र जबाबात कुठंच उतरलेला नाही. वकिलांना आजच कळवतो.